गेमला वाईट रिव्ह्यू आला, आता काय? कोल्हापुरातल्या स्वतंत्र गेम डेव्हलपरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बसून गेम बनवणारे बहुतेक जण एकटे किंवा दोघं-तिघं असतात. कोड लिहिणाराच चित्रं जुळवतो, तोच स्टोअरचं पान भरतो, आणि रात्री अकराला 'पैसे वाया गेले' असा रिव्ह्यू आला की तो वाचणाराही तोच. मोठ्या कंपनीत या कामाला वेगळी माणसं असतात, राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत नसतात. म्हणून पहिला गेम बाजारात आणणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आणि गूगल प्ले (अँड्रॉइड फोनचं) यांचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे ते वेगळे सांगितले आहेत.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी आमचं एक मत आहे: खेळणाऱ्याला देण्यासारखं काही हातात असेल तरच उत्तर द्यावं. ते माहिती असेल, दुरुस्ती असेल, किंवा 'हे आम्ही बदलणार नाही' असा सरळ नकारही असेल. यातलं काहीच नसेल तर रिव्ह्यू वाचावा, नोंद करावी आणि कामाला लागावं.

रिव्ह्यू आल्या आल्या उत्तर द्यावं का?

गेम उघडतच नाही, सेव्ह उडाला, पैसे गेले पण गेम मिळाला नाही, अशी तक्रार असेल तर लगेच द्या. 'तक्रार मिळाली, आजच तपासतोय' एवढंही चालेल, कारण तेवढ्यानेही समोरच्याला काहीतरी कळतं. बाकी सगळ्या तक्रारींना एक रात्र जाऊ द्या.

त्या रात्रीत रिव्ह्यू नीट वाचा. स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूशेजारी तो माणूस किती तास खेळला ते दिसतं. गूगल प्लेच्या प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे डेव्हलपरांसाठीच्या पानावर, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन आणि तुमच्या गेमचं व्हर्जनही दिसतं. वीस मिनिटं खेळून 'कंटाळवाणा' म्हणणारा आणि चाळीस तास खेळून अंगठा खाली करणारा, हे दोघं वेगळं काही सांगत असतात. पहिल्याचं म्हणणं तुमच्या सुरुवातीच्या लेव्हलबद्दल आहे. दुसऱ्याने गेमवर जीव लावला होता आणि कुठेतरी त्याचा हिरमोड झाला. त्याचा रिव्ह्यू दोनदा वाचा.

प्रत्येक वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायलाच हवं का?

नाही. 'आवडला नाही', 'बोअर', 'माझ्या टाइपचा नाही' यांना काय उत्तर देणार? आवड ज्याची त्याची. तिथे लिहिलेलं कुठलंही उत्तर केविलवाणं नाहीतर उद्धट वाटतं.

पहिल्या आठवड्यात मात्र प्रत्येक रिव्ह्यू जिव्हारी लागतो, आणि त्याला कारणही आहे. स्टीमवर १० रिव्ह्यू झाल्याशिवाय गेमचा एकत्रित शेरा दिसत नाही. त्या दहात तिघांनी नापसंती दिली तर ७० टक्के होतात आणि पानावर 'मोस्टली पॉझिटिव्ह' दिसतं. चौथ्याने दिली की ६० टक्के, आणि शेरा 'मिक्स्ड'. एका माणसाच्या अंगठ्याने पानाचा रंग बदलतो म्हटल्यावर त्या एका माणसाशी वाद घालावासा वाटणं साहजिक आहे. पण वाद घालून अंगठा वर झाल्याचं क्वचितच दिसतं. बग दुरुस्त झाला म्हणून रिव्ह्यू बदलणारे भेटतात.

उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर कोण असावं?

पुढचा ग्राहक. रिव्ह्यू लिहिणाऱ्याने गेम घेतलाय, मत बनवलंय. जो अजून घ्यावा की नको या विचारात आहे, तो वाईट रिव्ह्यू मुद्दाम उघडून वाचतो आणि खाली डेव्हलपर कसा बोलतो ते बघतो.

चांगलं उत्तर नेमकं कसं असतं?

समजा रिव्ह्यू असा आहे: 'चौथी लेव्हल संपली की गेम बंद पडतोय. सेव्ह पण गेला. पैसे बुडाले.'

याला बरेच जण असं उत्तर देतात: 'प्रिय ग्राहक, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आम्हाला ईमेल करावा.' यात समोरच्याला काहीच मिळालं नाही. उलट आणखी एक काम त्याच्याच गळ्यात पडलं.

हे बघा: 'चौथी लेव्हल संपताना ३ जीबी रॅमच्या फोनवर गेम बंद पडत होता. १.०.४ व्हर्जनमध्ये हे दुरुस्त केलंय, ते आजपासून स्टोअरवर आहे. गेलेला सेव्ह परत आणता येत नाही, पण सेटिंगमधून पाचवी लेव्हल थेट उघडता येईल. त्रास झाला, माफ करा.'

पहिल्याच वाक्यात बिघाड काय होता ते आलं. व्हर्जनचा आकडा आल्यामुळे वाचणाऱ्याला स्वतःच्या फोनवर पडताळून बघता येतं. जे परत मिळणार नाही ते लपवलं नाही. माफी एकदाच आणि शेवटी मागितली. गूगल प्लेवर उत्तराला ३५० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे 'आपला अमूल्य अभिप्राय' वगैरेला जागाही नसते. एका रिव्ह्यूला तिथे एकच उत्तर देता येतं, पण ते नंतर संपादित करता येतं. म्हणून आधी 'तपासतोय' लिहून दुरुस्ती झाल्यावर त्याच उत्तरात बदल करणं ही पद्धत चांगली.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: अपडेट स्टोअरवर दिसायला लागल्याशिवाय तारीख देऊ नका. एकट्या माणसाचं वेळापत्रक ताप आला तरी कोलमडतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेने या शहराचं काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. तारीख दिलीच असेल आणि ती हुकणार असेल, तर हुकण्याआधी कळवा.

उत्तर कोणत्या भाषेत द्यावं? 'भावा' म्हणणाऱ्याला 'तुम्ही' म्हणावं का?

रिव्ह्यूच्या भाषेत द्यावं. मराठी रिव्ह्यूला इंग्रजीत उत्तर दिलं की आपला माणूसही परका होतो. रिव्ह्यू रोमन लिपीतल्या मराठीत असला तरी देवनागरीत उत्तर द्यायला हरकत नाही. 'काय भावा, लय बोगस काम केलंयस' असं कुणी लिहिलं तरी उत्तरात 'तुम्ही'च शोभतं, कारण ते उत्तर गडहिंग्लजपासून गोंदियापर्यंत कुणीही वाचेल. मात्र 'डिअर युजर' नको आणि शासकीय परिपत्रकाची मराठीही नको. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोला.

स्टीमवर रशियन, चिनी, पोर्तुगीज रिव्ह्यू येतील. ते यांत्रिक भाषांतर करून जरूर वाचा, कारण खऱ्या बगच्या नोंदी त्यातही असतात. उत्तर छोट्या आणि साध्या इंग्रजीत द्या. स्वतःला न समजणाऱ्या भाषेत यंत्राने लिहून दिलेलं उत्तर आपल्या नावाने छापू नका. त्यात काय अर्थ निघालाय हे तुम्हाला तपासता येणार नाही.

शिव्या असलेल्या रिव्ह्यूचं काय करायचं?

इथे कोल्हापूरकराला एक गोष्ट आधीच माहीत असते: आपल्याकडे शिवी ही दरवेळी शिवी नसते. 'कसला अवघड बॉस ठेवलायस रे' याच्या पुढे-मागे दोन शब्द असले आणि वर पाच स्टार असले, तर ते कौतुक आहे. त्याची तक्रार करू नका, आभार माना.

शिवी आणि तक्रार एकत्र असतील तर शिवीकडे दुर्लक्ष करून तक्रारीला उत्तर द्या. नुसती शिवीगाळ, जात-धर्म-बाई यांवरून घाण लिहिलेलं, किंवा कुणाचा फोन नंबर टाकलेला असेल तर स्टोअरकडे रिपोर्ट करा आणि विषय तिथेच सोडा. रिव्ह्यू केवळ वाईट आहे म्हणून कुठलंच स्टोअर काढत नाही, आणि काढूही नये.

घरचा पत्ता टाकून धमकी, मारण्याची भाषा, असं काही असेल तर उत्तर अजिबात देऊ नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपून ठेवा, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. घरच्यांनाही सांगा. हे एकट्याने पोटात ठेवायचं नसतं.

मित्रांनी, तालमीतल्या पोरांनी पाच-पाच स्टार दिले तर रेटिंग सावरेल ना?

हा प्रश्न कोल्हापुरात जितक्या प्रेमाने विचारला जातो तितका क्वचितच कुठे विचारला जात असेल. पेठेच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ हजर होते. 'गेम आपल्या पोराचा आहे' म्हटल्यावरही तसंच होतं. भावना खरी आहे आणि म्हणूनच 'नको' म्हणणं जड जातं. तरीही नको म्हणा.

स्टोअरचे नियम याविरुद्ध आहेत. खोटे किंवा मोबदला देऊन मिळवलेले रिव्ह्यू गूगल प्ले आणि स्टीम दोघांनाही चालत नाहीत. नाणी, स्किन, रिचार्ज यांपैकी काहीही देऊन रेटिंग मागणं हे मोबदल्यातच येतं. स्टीमवर तर फुकट वाटलेल्या कीने (गेम मिळवून देणाऱ्या कोडने) गेम घेतलेल्यांचे रिव्ह्यू २०१६ पासून एकत्रित शेऱ्यात धरलेच जात नाहीत. भारतात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं २०२२ चं मानकही आहे, आयएस १९०००, आणि त्याचा भर रिव्ह्यू खऱ्या अनुभवातून आलेला असावा यावरच आहे.

पण नियम बाजूला ठेवले तरी नुकसान तुमचंच आहे. एकाच दिवशी आलेले 'लय भारी', 'नाद खुळा', 'एक नंबर' असे चाळीस रिव्ह्यू नवख्यालाही ओळखू येतात. आणि त्या गर्दीत 'माझ्या फोनवर आवाज येत नाही' म्हणणारा एकजण दिसेनासा होतो.

पोरांचा उत्साह दुसरीकडे वळवा. प्रत्येकाच्या खिशात वेगळा फोन आहे. गेम बाजारात आणण्याआधी महिनाभर त्यांना प्ले कन्सोलच्या टेस्टिंग ट्रॅकवर घ्या, म्हणजे चाचणीसाठी गेम आधीच त्यांच्या हातात द्या. जुना सॅमसंग, तडा गेलेला रेडमी, भरलेलं स्टोरेज, लक्ष्मीपुरीतल्या गर्दीत अडखळणारं नेट, हे सगळं तुम्हाला एमुलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनवर, मिळणार नाही.

आपल्या बाजूची पोरं वाईट रिव्ह्यू देणाऱ्यावर तुटून पडली तर?

लगेच थांबवा, आणि जाहीरपणे थांबवा. त्या रिव्ह्यूखाली तुमच्या नावाने लिहा: 'यांनी मांडलेली अडचण खरी आहे, आम्ही ती बघतोय. कृपया यांना उलटसुलट लिहू नका.' व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळं सांगा. वाईट रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून 'बघा रे हा काय म्हणतोय' म्हणण्यात काय सुचवलं जातं ते टाकणाऱ्यालाही कळत असतं. असा स्क्रीनशॉट टाकूच नका. आम्हाला हा प्रकार शिव्यांपेक्षा वाईट वाटतो, कारण ज्याने पैसे मोजले त्यालाच आपण गर्दीपुढे ढकलतो.

रिव्ह्यूंतून कामाची यादी कशी काढायची?

एक साधी शीट करा. तारीख, स्टोअर, गेमचं व्हर्जन, फोन किंवा पीसी, तक्रार एका ओळीत, आणि आणखी किती जणांनी तेच म्हटलंय. भावना लिहू नका. 'फालतू कंट्रोल, डोकं फिरलं' याची नोंद 'कंट्रोल, उडी उशिरा लागते' अशी करा. आठवड्यातून एकदा त्या शीटकडे बघितलं की चित्र स्वच्छ दिसतं: वीस रिव्ह्यूंनी वीस तऱ्हांनी शिव्या घातल्या, पण त्यातल्या बारा एकाच बटणाबद्दल होत्या.

खेळणारा सुचवतो तो उपाय आणि त्याला होणारा त्रास, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिका. 'तिसरा शत्रू फार ताकदवान आहे, त्याची लाइफ कमी करा' असं दहाजण सांगतात. बसून बघितलं की कळतं, वार चुकवण्याचं बटण स्क्रीनच्या अगदी काठाला आहे, आणि अंगठा घसरला की फोन ते 'मागे जा' समजतो. शत्रूला हात लावायची गरजच नव्हती. बटण आत सरकवलं की तक्रारी थांबतात. त्रासाच्या बाबतीत खेळणारा सहसा बरोबर असतो. उपाय शोधणं तुमचं काम आहे.

रिव्ह्यू न लिहिणाऱ्यांचा आवाजही ऐका. प्ले कन्सोलच्या अँड्रॉइड व्हायटल्समध्ये गेम किती जणांकडे क्रॅश होतो, किती जणांकडे गोठतो ते दिसतं. रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांना क्रॅश किंवा ०.४७ टक्क्यांना गोठणं अनुभवाला आलं, की गूगल त्याला वाईट वर्तन मानतं आणि स्टोअरमध्ये गेम कमी लोकांना दिसण्याची शक्यता वाढते. 'गेम मस्त चाललाय, एक-दोघंच रडतायत' असं वाटत असेल तेव्हा हे आकडे उघडा.

गेम पन्हाळ्यावर बेतलेला आहे. 'इतिहासाचा अपमान केला' असे रिव्ह्यू येतायत. काय करावं?

इथे घाईने काहीही लिहू नका, आणि 'फक्त गेम आहे' हे वाक्य तर कधीच नको. पन्हाळा या भागातल्या माणसाला पुस्तकातून भेटलेला नाही, तो शाळेच्या सहलीत पायाखालून गेलेला आहे. तीन दरवाजा कुठे, अंधारबाव कुठे, सज्जा कोठीतून खाली काय दिसतं, हे त्याला पाठ आहे.

तक्रारी वेगवेगळ्या करा. आदराचा मुद्दा असेल, म्हणजे गेममध्ये महाराजांचं नाव एकेरी आलंय, तर ते त्याच दिवशी बदला. मराठी मजकुरात नीट असूनही इंग्रजी किंवा हिंदी भाषांतरात ते एकेरी राहून गेलेलं असू शकतं, तेही तपासा. वस्तुस्थितीचा मुद्दा असेल, म्हणजे अंबारखाना चुकीच्या बाजूला दाखवलाय किंवा १६६० च्या वेढ्यात पात्राच्या हातात त्या काळात नसलेलं हत्यार आहे, तर रिव्ह्यू लिहिणाऱ्याला विचारा, नकाशा बघा, गडावर जाऊन या, आणि दुरुस्ती करताना त्यांच्यामुळे ती झाली हे नोंदवा. अशी माणसं फुकटात मिळालेली अभ्यासक असतात.

तिसरा प्रकार रचनेचा. खरा गड चालून बघायला काही तास लागतात, गेममधला गड दहा मिनिटांत संपला पाहिजे, म्हणून तुम्ही दोन बुरूज जवळ आणले. हे बदलणार नसाल तर तसं सांगा: 'गडाचं अंतर खेळासाठी कमी केलंय, खरा नकाशा मेनूमध्ये दिलाय.' आणि तो नकाशा खरंच द्या. ज्या गोष्टी कल्पनेतल्या आहेत त्यांची यादी गेम सुरू होतानाच दाखवली तर निम्मे वाद उद्भवत नाहीत. देवस्थानं, मूर्ती, पूजेची ठिकाणं यांच्या बाबतीत आमचं मत कडक आहे: तिथे गोळ्या-तलवारींचा खेळ मांडूच नका.

एकाच दिवशी शेकडो एक-स्टार आले. हा रिव्ह्यू बॉम्ब आहे का?

असू शकतो. अनेकांनी मिळून एकदम वाईट रिव्ह्यूंचा मारा केला की त्याला रिव्ह्यू बॉम्ब म्हणतात. स्टीमच्या पानावर २०१७ पासून रिव्ह्यूंचा काळानुसार आलेख दिसतो, त्यात एकाच दिवसाचा लाल खांब उंच गेलेला लगेच कळतो. गेमशी संबंध नसलेल्या कारणाने असे रिव्ह्यू आले असतील तर ते शेऱ्यातून वगळण्याची पद्धत स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१९ मध्ये आणली. तिथे कळवा. एकेकाला उत्तर देत बसू नका. काय झालंय आणि तुमची बाजू काय आहे हे एकाच निवेदनात लिहून गेमच्या पानावर घोषणा म्हणून लावा.

पण त्याआधी शांतपणे एक प्रश्न स्वतःला विचारा: या गोंगाटात एखादी खरी गोष्ट आहे का? जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल कोल्हापूरचं नावही न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळेच ऑनलाइन भडकलो होतो. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती झुंड वाटली असती. पण २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चपलेचं श्रेय दिलं नव्हतं, हा मुद्दा खरा होता. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्रानंतर कंपनीला ही प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य करावं लागलं, आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. कुणाचं चित्र, कुणाचं संगीत, कुणाची गोष्ट न विचारता तुमच्या गेममध्ये आली असेल आणि त्यावरून गर्दी जमली असेल, तर तो रिव्ह्यू बॉम्ब म्हणून कळवण्याचा विषय नाही. श्रेय द्या, परवानगी घ्या किंवा ते काढा.

रिफंड घेऊन वर वाईट रिव्ह्यू देतात. हा अन्याय नाही का?

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर कारण न देताही रिफंड मिळतो. छोटा गेम बनवणाऱ्याला हे टोचतं. २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टी-एट' या छोट्या भयगेमच्या डेव्हलपरने, लोक गेम पूर्ण करून, चांगला रिव्ह्यू देऊनही दोन तासांच्या आत रिफंड घेतात म्हणून काम थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. ती व्यथा खरी आहे. तरी रिव्ह्यूखाली रिफंडचा हिशेब मांडून काही मिळत नाही. गेम किती वेळाचा आहे ते पानावर ठळक लिहा आणि किंमत त्या हिशेबाने ठेवा. गूगल प्लेवर खरेदीच्या ४८ तासांनंतर गूगल बहुधा ग्राहकाला डेव्हलपरकडे पाठवतं. तिथे आलेली विनंती रास्त असेल तर पैसे परत करून मोकळे व्हा.

'एवढ्यात दोन मिसळ येतात' असं म्हणणाऱ्याला काय सांगावं?

काहीही नाही. किमतीवर वाद घालू नका. पुढे सवलत ठेवणार असाल तर ती ठेवा.

रिव्ह्यू देणाऱ्याला वकिलाची नोटीस पाठवू का?

नको. २०१६ मध्ये डिजिटल होमिसाइड नावाच्या एका छोट्या अमेरिकी स्टुडिओने स्टीमवरच्या १०० अनोळखी वापरकर्त्यांविरुद्ध दावा लावला. व्हॉल्व्हने त्या स्टुडिओचे सगळे गेम स्टीमवरून काढून टाकले. ग्राहकांशी वैर धरणाऱ्याला दुकानात जागा नाही, असा त्याचा अर्थ होता.

भारतात बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे हे खरं. पण 'गेम भिकार आहे' हे मत आहे, ती बदनामी ठरवायला जाण्यात वर्षं आणि पैसा जाईल. 'या गेममध्ये व्हायरस आहे, बँकेचे पैसे चोरतो' असा धडधडीत खोटा आरोप वेगळा. त्यातही आधी स्टोअरकडे रिपोर्ट करा, खाली शांतपणे वस्तुस्थिती लिहा, गेम कोणत्या परवानग्या मागतो आणि का ते सांगा. एवढं करूनही नुकसान थांबत नसेल तर मग वकिलाकडे जा.

लाँचच फसलं. सगळेच शिव्या देतायत आणि ते बरोबर आहेत. आता?

आधी नुकसान थांबवा. स्टीमवर आधीचं चांगलं बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) पुन्हा मुख्य शाखेवर, म्हणजे सगळ्यांना मिळेल असं, लावता येतं, ते पहिल्या तासात करा. गूगल प्लेवर जुनं व्हर्जन जसंच्या तसं परत लावता येत नाही. जुनाच कोड नव्या, वाढीव व्हर्जन कोडने पुन्हा चढवावा लागतो. म्हणून तिथे अपडेट नेहमी टप्प्याटप्प्याने सोडा. पाच टक्के लोकांकडे बिघाड दिसला तर तिथेच रोखता येतो.

मग एकच निवेदन द्या: काय मोडलंय, काय केलंय, काय बाकी आहे. त्यानंतर बोलणं कमी करा. 'नो मॅन्स स्काय'चं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. ऑगस्ट २०१६ मध्ये तो आला तेव्हा सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या आणि लोकांनी तो धुऊन काढला. तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सने मग बराच काळ जवळजवळ मौन पाळलं, नोव्हेंबर २०१६ मध्ये 'फाउंडेशन' आणि जुलै २०१८ मध्ये 'नेक्स्ट' असे मोठे अपडेट फुकट दिले, आणि देतच राहिले. स्टीमवरचा एकूण शेरा 'व्हेरी पॉझिटिव्ह' व्हायला २०२४ उजाडलं. त्यांच्याकडे पहिल्या विक्रीचे पैसे होते, तुमच्याकडे आठ वर्षं काढण्याइतके नसतील. तेव्हा दुरुस्तीची यादी लहान ठेवा, आणि जे जमणार नाही ते स्टोअरच्या पानावरून खोडून टाका. पानावर 'ऑनलाइन मल्टिप्लेयर लवकरच' लिहिलेलं असेल आणि ते होणार नसेल, तर ती ओळ आजच काढा.

दुरुस्ती झाल्यावर 'आता रिव्ह्यू बदला' असं सांगावं का?

'दुरुस्त झालंय, पुन्हा खेळून बघा' इथेच थांबावं. गूगल प्ले आणि ॲपलचं ॲप स्टोअर दोन्हींवर तुमचं उत्तर आलं की लिहिणाऱ्याला सूचना जाते आणि त्याला रिव्ह्यू बदलता येतो. बदलायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. शिवाय गूगल प्लेवरचं रेटिंग २०१९ पासून अलीकडच्या रेटिंगना जास्त वजन देतं आणि स्टीमवर गेल्या ३० दिवसांचा शेरा वेगळा दिसतो. गेम सुधारला तर आकडा हळूहळू त्यामागे येतो.

वाचून झोप लागत नाही. घरचे म्हणतात, लोक शिव्या देतायत तर नोकरी बघ.

ही तक्रार आम्ही बाकी सगळ्यांपेक्षा गंभीर मानतो. दोन वर्षं केलेल्या कामाला कुणी दोन ओळींत कचरा म्हटलं तर लागतंच. लागतं म्हणजे तुम्ही कमकुवत आहात असं नाही.

फोनवरच्या रिव्ह्यूच्या सूचना बंद करा. वाचायची वेळ ठरवा, सकाळची, कामाच्या टेबलावर, शीट उघडी ठेवून. रात्री अंथरुणात नाही. शक्य असेल तर पहिला आठवडा दुसऱ्या कुणालातरी वाचू द्या, बहीण, मित्र, वर्गातली मैत्रीण, आणि त्यांनी फक्त तक्रारी उतरवून तुमच्याकडे द्याव्यात. इतर गेम बनवणाऱ्यांना आपले वाईट रिव्ह्यू दाखवा. तेही त्यांचे दाखवतील. घरच्यांना रिव्ह्यूंच्या जोडीला विक्रीचा आकडा आणि पुढच्या सहा महिन्यांचा हिशेबही दाखवा. त्यांची काळजी बऱ्याचदा पैशाची असते आणि तिला उत्तर आकड्यानेच देता येतं.

आठवडे उलटले तरी झोप, जेवण, काम काहीच जागेवर येत नसेल तर डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

जुन्या गेमवर काम थांबवलंय, तरी तक्रारी येतात. उत्तर देत राहावं का?

स्टोअरच्या वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा की या गेमला नवे अपडेट येणार नाहीत आणि तो शेवटचा कोणत्या अँड्रॉइड किंवा विंडोजवर तपासला होता. नव्या तक्रारींना त्याच अर्थाचं एक छोटं उत्तर पुरेसं आहे. गेम नव्या फोनवर उघडतच नसेल तर त्याची विक्री बंद करा. आधी घेतलेल्यांकडे तो राहतो.